घरी आल्यावर औषध कुठून आणायचं? : मुलांची औषधं आणि सरकारी योजना

या वेळच्या बहुतेक पत्रांत दुखणं एकच आहे. रुग्णालयात सगळं फुकट झालं, मग घरी आल्यावर औषधाचा खर्च आमच्या गळ्यात का? मुलांच्या वॉर्डात समाजसेवक म्हणून काम करताना डिस्चार्जच्या दिवशी हा प्रश्न मी हमखास ऐकतो.

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम (मूत्रपिंडाचा आजार) आहे. सूज आली तेव्हा योजनेतून आठ दिवस भरती होता, एक रुपया लागला नाही. आता गोळ्या दर महिन्याला विकत आणते. मेडिकलवाल्याला कार्ड दाखवलं तर तो हसला. (एक आई, बीड)

ताई, त्याने हसायला नको होतं. पण ते कार्ड दुकानात चालत नाही, हे खरं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत राज्यात आता एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र ते भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, ओपीडीचं औषध त्यात बसत नाही. आयुष्मानच्या नियमांत भरतीआधीचे ३ आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस औषधांसह धरलेले आहेत. हे १५ दिवस पालकांना कुणी सांगतच नाही, याची मला फार चीड येते. पुढच्या वेळी डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की खाट सोडण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) विचारा, ‘घरी न्यायची औषधं कुठे मिळतील?’

त्यानंतरच्या महिन्यांसाठी रस्ता वेगळा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह उपचार मोफत आहेत. (वैद्यकीय महाविद्यालयं आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात नाहीत.) तुमच्या मुलाची गोळी प्रेडनिसोलोन (एक स्टेरॉइड) असेल, तर ती अत्यावश्यक औषधांच्या यादीतली आहे. डिस्चार्ज कार्ड घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत जा आणि तिथे केसपेपर काढा. घरातल्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा. पैसे नाहीत म्हणून ही गोळी एकदम थांबवायची नाही. बरेच आठवडे स्टेरॉइड घेतलेल्या शरीराची स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी यंत्रणा मंदावलेली असते, त्यामुळे अचानक बंद करणं धोक्याचं आहे. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

मुलगी योजनेतून भरती असताना ४,८०० रुपयांचं इंजेक्शन बाहेरून आणायला लावलं. हे बरोबर आहे का? (एक वडील, जालना)

नाही. पॅकेजमध्ये, म्हणजे योजनेने त्या उपचारासाठी ठरवलेल्या रकमेत, औषधं धरलेलीच असतात आणि त्याचे पैसे रुग्णालयाला योजनेकडून मिळतात. चिठ्ठी आणि मुलीच्या नावाचं बिल, दोन्ही जपून ठेवा. आधी आरोग्यमित्राकडे जा, तिथे दाद लागली नाही तर १५५३८८ वर तक्रार नोंदवा. मुलगी अजून भरती असेल तर फोन आजच करा. कोऱ्या कागदावर सही मात्र अजिबात करू नका.

मी चाकणला कंपनीत आहे, पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात. मुलीला फिट्स येतात. दवाखान्यात तिचं सिरप तीनदा ‘स्टॉक नाही’ म्हणून मिळालं नाही. (एक वडील, पुणे जिल्हा)

दादा, तुमचा विमा वरच्या दोन्ही योजनांपेक्षा रुंद आहे. ईएसआयमध्ये ओपीडीची औषधंही येतात, कुटुंबाला संरक्षण पहिल्या दिवसापासून आहे. पगारातून ०.७५ टक्के तुमचे आणि वर ३.२५ टक्के मालकाचे जातात. हे तुमच्या हक्काचं औषध आहे. सिरप नसेल तर चिठ्ठीवरच ‘उपलब्ध नाही’ असं लिहून सही-शिक्का मागा आणि स्थानिक खरेदीतून औषध द्या म्हणून सांगा. तेही झालं नाही, तर विकत घ्या आणि बिलासह परताव्याचा अर्ज द्या. शिक्क्याशिवाय तो अर्ज लंगडा पडतो. फिट्सच्या औषधाचा एकही डोस चुकता कामा नये. दुकानदाराने ‘हेच, दुसऱ्या कंपनीचं’ म्हणून बाटली दिली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

दहा वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे. रोज चार इंजेक्शनं. इन्सुलिन योजनेत का नाही? (एक आई, अकोला)

या प्रश्नाचं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही. इन्सुलिन मिळालं नाही आणि मूल कीटोअॅसिडोसिसमध्ये (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून होणाऱ्या जीवघेण्या अवस्थेत) गेलं, तर त्या भरतीला आयुष्मानमध्ये पॅकेज आहे. ती वेळ टाळणाऱ्या रोजच्या बाटलीला नाही. मला हा नियम चुकीचा वाटतो, तो बदलायला हवा.

तोवर काय करायचं? इन्सुलिन अत्यावश्यक यादीत आहे, जिल्हा रुग्णालयात मागा. पण बाटली बदलताना एक चूक जिवावर बेतू शकते. पेनमधलं इन्सुलिन बहुधा एका मिलीला १०० युनिटचं असतं, सरकारी बाटली अनेकदा एका मिलीला ४० युनिटची असते. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी नारिंगी. शंभरची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरली, तर अडीचपट इन्सुलिन जातं आणि साखर झपाट्याने खाली येते. उलट झालं तर डोस अर्ध्याहूनही कमी पडतो. बाटली हातात आली की आधी लेबल वाचा, मग टोपण बघा. मुलालाही हे शिकवा, दहा वर्षांच्या मुलाला हे समजतं.

बाळ पंधरा दिवसांचं आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय. रेशनकार्डावर नाव नाही. (एक आजी, नंदुरबार)

आजी, बाळ सरकारी रुग्णालयात असेल तर कार्डाची काळजीच नको. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचे उपचार आणि औषधं एक वर्षाचं होईपर्यंत मोफत आहेत. खासगी रुग्णालयात असेल, तर ते योजनेत आहे का ते आधी विचारा. असेल तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांचं कार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा. जन्मदाखला आजच काढायला पाठवा, बाकी कागद मागून होतील.