वाचकांचे प्रश्न : खासगी बनावटीच्या लष्करी रायफली

प्रश्न : अमेरिकेतल्या एका शस्त्रमेळ्यात एम-१ गॅरंड (दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्करी रायफल) पाहिली. रिसीव्हरच्या (बाकीचे पुर्जे ज्यावर बसतात तो मुख्य सांगाडा) टाचेवर, म्हणजे मागच्या टोकावर, 'स्प्रिंगफील्ड आर्मरी' असे कोरलेले आहे आणि क्रमांक ७० लाखांच्या पुढचा आहे. विक्रेता ती सैन्यातून आलेली आहे असे सांगतो आणि किंमतही तशीच मागतो. घ्यावी का?

उत्तर : त्या किमतीला नको. निकाल क्रमांकानेच लागला आहे. सैन्यासाठी बनलेल्या गॅरंडचे क्रमांक ६१ लाखांच्या आतच संपतात. ७० लाखांपुढचे क्रमांक इलिनॉय राज्यातल्या जेनेसिओ इथल्या खासगी कंपनीचे आहेत. मॅसॅच्युसेट्समधला सरकारी कारखाना १९६८ मध्ये बंद झाला आणि या कंपनीने तेच नाव घेऊन १९७४ पासून व्यवसाय केला. नाव एकच आणि कारखाने दोन, त्यामुळे नवखा माणूस इथेच चुकतो.

संग्राहक जास्तीचा पैसा मोजतो तो सरकारी, घडीव रिसीव्हरसाठी. खासगी रिसीव्हर बहुधा ओतीव असतो. ओतीव म्हणजे टाकाऊ, असे मुळीच समजू नका. उष्णतोपचार नीट झाला असेल तर तो नेमबाजीला उत्तम चालतो, फक्त त्याच्यामागे इतिहास नसतो. म्हणून अशा रायफलचा हिशेब दोन रकान्यांत मांडा. एका रकान्यात रिसीव्हर, त्याचा भाव नेमबाजीपुरता. दुसऱ्यात त्यावर बसवलेला एकेक पुर्जा, सुटा विकला तर येईल त्या भावाने.

हा दुसरा रकाना मोलाचा आहे, कारण अशा खासगी कंपन्यांनी सुरुवातीला सैन्याचे शिलकी पुर्जे भरपूर वापरले. आधी चेंबर (नळीत काडतूस बसते ती जागा) रिकामे आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. मग बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) मागे अडकवून खुणा वाचा. सरकारी बोल्टवर 'डी २८२८७' आणि ऑपरेटिंग रॉडवर (बोल्ट मागेपुढे नेणारा दांडा) 'डी ३५३८२' हे ड्रॉइंग क्रमांक, म्हणजे पुर्जाच्या आराखड्याचे क्रमांक, सहसा सापडतात. पुढे 'एस.ए.' असेल तर पुर्जा सरकारी स्प्रिंगफील्डचा, 'डब्ल्यू.आर.ए.' असेल तर विंचेस्टरचा. युद्धकाळातल्या काही रॉडना हँडलजवळच्या कोपऱ्यात नंतर पाडलेला अर्धगोल खाच नसतो. असा न कापलेला रॉड संग्राहकाला हवा असतो. मात्र त्याच कोपऱ्यात तडा जातो म्हणून सैन्याने खाच पाडायला घेतला होता, तेव्हा तो विकावा, वापरू नये.

आता नळी. रॉड मागे असताना तिच्या उजव्या बाजूला कारखाना, महिना आणि वर्ष दिसते. थ्रोट गेजवर (नळीच्या चेंबरकडच्या टोकाची झीज मोजणारे) ५ किंवा कमी आणि मझल गेजवर (पुढच्या तोंडाची झीज मोजणारे) ३ किंवा कमी आकडा आला तर नळीत बराच जीव शिल्लक आहे. हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांमध्ये काडतुसाला मिळणारी जागा) तपासताना बोल्टमधला इजेक्टर आणि एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतुसाची पुंगळी ओढून बाहेर फेकणारे पुर्जे, काढून घ्या, नाहीतर गेजवर खोटा दाब येतो. .३०-०६ (गॅरंडचे काडतूस) साठी १.९४० इंचाच्या 'गो' गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा आणि १.९५० इंचाच्या 'फील्ड' गेजवर बंद होता कामा नये. फील्डवर बंद झाला तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा आणि ती होईपर्यंत रायफल झाडू नका.

प्रश्न : 'युनिव्हर्सल' कंपनीची एम-१ कार्बाइन (आखूड, हलकी रायफल) स्वस्तात मिळते आहे. दिसायला तर लष्करी कार्बाइनसारखीच आहे.

उत्तर : फ्लोरिडात हायालिया इथे बनलेल्या या कार्बाइन एकसारख्या नाहीत. सुरुवातीच्या नगांत सैन्याचे पुर्जे बरेच होते. साठा संपत गेला तशी कंपनीने रचनाच बदलली. ओळख सोपी आहे : वरचे लाकूड काढा. लष्करी कार्बाइनच्या घडीव स्लाइडमागे (बोल्ट मागेपुढे नेणारा भाग) एकच रिकॉइल स्प्रिंग (तो भाग पुन्हा पुढे ढकलणारी) असते, तर पुढच्या काळातल्या युनिव्हर्सलमध्ये दोन स्प्रिंगा आणि पत्रा ठोकून केलेली स्लाइड दिसते. या रचनेला लष्करी सुटे भाग बसत नाहीत आणि कंपनी केव्हाच बंद झाली. आज चालते आहे, पण उद्या स्लाइड गेली तर दुसरी शोधत फिरावे लागेल. म्हणून दोन स्प्रिंगांचा नग आमच्या मते जवळजवळ सुट्या भागांच्याच भावाचा.

एक स्प्रिंग असेल तर मात्र वेळ काढून बघा. हॅमर, स्लाइड, ट्रिगर हाउसिंग यांवर एक-दोन अक्षरांच्या खुणा असतात. 'यू' म्हणजे अंडरवुड, 'डब्ल्यू' म्हणजे विंचेस्टर; हे दोघे सैन्यासाठी कार्बाइन बनवत. अशा खुणांचे पुर्जे निघाले तर स्वस्तातला सौदा खरोखर चांगला ठरू शकतो.

प्रश्न : क्रमांक युद्धकाळातला, खुणा बरोबर, तरी एका जाणकाराने 'जोडकाम' म्हणून गॅरंड नाकारली. म्हणजे काय?

उत्तर : सैन्याने बाद केलेले रिसीव्हर कापून भंगारात काढले जात. काहींनी ते तुकडे वेल्डिंगने जोडून पुन्हा विकले. टाच एका रिसीव्हरची आणि पुढचा भाग दुसऱ्याचा, असेही झाले. म्हणून टाचेवरचा अनुक्रमांक आणि उजव्या पुढच्या पायावरचा ड्रॉइंग क्रमांक (डी २८२९१, नंतरच्या काळात ६५२८२९१) एकाच काळातले आहेत का ते ताडून पाहा. मॅगझिनच्या (काडतुसे राहतात त्या) पोकळीत आतून उजेड टाका. फिनिशच्या रंगातला पट्टा किंवा घासल्याच्या रेषा सांधा उघड करतात. मग रिकॉइल स्प्रिंग काढून रायफल आधी नळी वर, मग नळी खाली अशी कलवा. रॉड आणि बोल्ट स्वतःच्या वजनाने टोकापासून टोकापर्यंत घसरले पाहिजेत. अडखळले तर रॉड वाकलेला असेल किंवा रिसीव्हर सरळ नसेल. सांधा नक्की दिसला तर रिसीव्हरची किंमत शून्य धरा. सरकारी क्रमांकाचे जोडकाम खासगी ओतीव रिसीव्हरपेक्षाही वाईट.

प्रश्न : एम-१४ (गॅरंडनंतरची अमेरिकी लष्करी रायफल) ची प्रत घ्यायची आहे. जुनी एम-१ए (खासगी स्प्रिंगफील्ड कंपनीची प्रत) बरी की चिनी?

उत्तर : मूळ एम-१४ स्वयंचलित असल्याने नागरी बाजारात बहुतेकांना प्रतच मिळते, त्यामुळे इथे 'प्रत' म्हणून भाव पडत नाही. सत्तरच्या दशकातल्या एम-१ए मध्ये सरकारी पुर्जे होते. 'टी.आर.डब्ल्यू.' (सैन्यासाठी एम-१४ बनवणारी कंपनी) असे कोरलेला बोल्ट दिसला तर नव्यापेक्षा जुनीच घ्या. चिनी रायफलींची आयात १९९४ मध्ये थांबली. त्यांचा रिसीव्हर घडीव आणि चांगला असतो, पण बोल्ट मऊ असल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. बोल्ट बदलून हेडस्पेस बसवून घेतल्याची पावती असेल तरच पूर्ण भाव द्या.

प्रश्न : मॉडेल जुने असले की 'क्युरिओ अँड रेलिक' (जुन्या, संग्रहणीय शस्त्रांसाठीच्या अमेरिकी) परवान्यावर घेता येते ना?

उत्तर : मॉडेलचे वय धरत नाहीत. अमेरिकेच्या केंद्रीय नियमात किमान ५० वर्षांपूर्वी बनलेली शस्त्रे या वर्गात येतात आणि त्यांच्या प्रतिकृती स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. हिशेब तुमच्या हातातला नग कधी बनला त्याचा. परवान्यात बसते म्हणून कोणी किंमत चढवून सांगत असेल तर ऐकू नका. त्याच बनावटीचे नग लिलावात प्रत्यक्ष कितीला गेले ते बघा, नुसते मागितलेले भाव नव्हे.