लक्समीटरचा आकडा आणि पिकाला मिळणारा उजेड

प्रश्न: पॉलीहाऊसमधली ढोबळी मिरची नुसती उंच वाढते आहे, पेरी लांबली आहेत, फुलं गळतात. आत ५० टक्क्यांची शेडनेट आहे. भर दुपारी लक्समीटर बाहेर ९०,००० आणि आत ३२,००० दाखवतो. एवढा उजेड पुरतो का? रोपांवरच्या गुलाबी एलईडीखाली मात्र आकडा फारच कमी येतो. दिवे बाद झाले का?

उत्तर: आधी दिव्यांचं. ते बहुधा ठीक आहेत. लक्समीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतो. ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या उजेडाला तो पूर्ण वजन देतो, ६६० च्या लाल उजेडाला जेमतेम ६ टक्के आणि ४५० च्या निळ्याला ४ टक्क्यांच्या आसपास. गुलाबी दिवे नेमका हाच लाल-निळा उजेड देतात आणि तो पिकाच्या कामाचा असतो. त्यांच्यासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर मोजणारा क्वांटम मीटरच हवा. घेताना संपूर्ण पट्टा मोजतो ना, हे विचारा. काही सेन्सर ६५० च्या पुढचा लाल उजेड कमी धरतात.

उन्हासाठी तुमचा लक्समीटर चालेल. लक्सला ५४ ने भागा, म्हणजे मायक्रोमोल मिळतात, म्हणजेच दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडणाऱ्या, पिकाच्या कामाच्या प्रकाशकणांचं माप. ३२,००० चे सुमारे ५९० होतात. हा भाजक फक्त उन्हाचा. सोडियम दिव्याला तो साधारण ८२ असतो.

पण दुपारच्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. पीक दिवसभराच्या उजेडावर जगतं. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ दर तासाला वाचन घ्या आणि बेरीज करा. समजा ती २,१६,००० आली. ५४ ने भागल्यावर ४,०००, त्याला ०.००३६ ने गुणलं (तासाचे ३,६०० सेकंद, आणि दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल) की दिवसाचे १४.४ मोल प्रति चौरस मीटर. पालेभाजीचं एवढ्यावर भागतं. ढोबळीसारख्या फळपिकाला २० मोल तरी हवेत. तुमची बेरीज या उदाहरणाच्या आसपास आली, तर लांब पेरी आणि फुलगळीमागे कमी उजेड हे मोठं कारण धरा.

वाचन चुकतं ते बहुतेक सेन्सर धरण्यात. पांढरी घुमटी सूर्याकडे वळवू नका. ती शेंड्याच्या उंचीवर, आडवी सपाट ठेवा. हात लांब करून उभे राहा, कारण अंगाची सावली आकडा पाडते आणि पांढरा सदरा तो वाढवतो. घुमटीवरची धूळ, दव मऊ कापडाने पुसा. झाकण लावल्यावर शून्य यायला हवं. पडद्यावर नुसता डावीकडे १ दिसला तर मीटरवर निवडलेली मोजण्याची मर्यादा अपुरी आहे, वरची मर्यादा निवडा. आत निदान दहा ठिकाणी मोजून सरासरी काढा. सांगाड्याची सावली एखाद्याच जागी पडलेली असते. मोबाईलचं ॲप यासाठी वापरू नका, त्याच्या सेन्सरला तिरप्या उजेडाचा हिशोब जमत नाही.

आत-बाहेरची तुलना निरभ्र आकाशात, मिनिटभराच्या अंतराने करा. मध्ये ढग आला तर दोन्ही वाचनं पुन्हा घ्या. तुमच्या आकड्यांप्रमाणे आत ३६ टक्केच उजेड पोचतो. नेट ५० टक्के अडवते, उरलेली घट पॉलीहाऊसच्या प्लास्टिक कागदाची आणि त्यावरच्या धुळीची. म्हणून आधी कागद धुऊन पुन्हा मोजा. मग नेट गुंडाळती करा: सकाळी आणि उन्हं उतरल्यावर बाजूला, तापमान चढेल तेवढ्याच वेळात ओढायची. एकदम कायमची काढू नका, सावलीत वाढलेली पानं आणि फळं करपतील.