बर्टी फोग्ट्स खेळाडू म्हणून मोठे की प्रशिक्षक म्हणून?

माझ्या मते खेळाडू म्हणून. उजव्या बाजूचा हा जर्मन फुटबॉल बचावपटू १९६५ ते १९७९ एकाच क्लबकडून, बोरुसिया म्योन्शनग्लाडबाखकडून खेळला. बुंडेसलिगाची (जर्मनीची अव्वल लीग) ५ विजेतेपदं, २ वेळा यूएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा), पश्चिम जर्मनीकडून ९६ सामने.

त्यांना 'टेरियर' (चिवट शिकारी कुत्रा) का म्हणायचे हे कळायला १९७४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना बघाच. नेदरलँड्सच्या योहान क्रायफला रोखायचं काम त्यांच्याकडे होतं. पहिल्याच मिनिटाला क्रायफ त्यांना चकवून निघाला, नेदरलँड्सला पेनल्टी मिळाली. पाठोपाठ फोग्ट्सना पिवळं कार्ड! आणखी एक कार्ड म्हणजे थेट बाहेर. एवढी टांगती तलवार असूनही ते क्रायफला सावलीसारखे चिकटून राहिले आणि जर्मनी २-१ ने जिंकली. बचाव म्हणजे नुसती धसमुसळी नव्हे, हे मला त्या सामन्यात दिसतं.

१९९० मध्ये बेकेनबाउअर यांच्यानंतर ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९९४ आणि १९९८ च्या विश्वचषकांत उपांत्यपूर्व फेरीतच पराभव झाल्याने त्यांच्यावर टीका खूप झाली. मला ती जरा अन्यायाची वाटते. १९९२ च्या युरोत (युरोपीय देशांची स्पर्धा) संघ अंतिम फेरीत हरला, पण १९९६ मध्ये वेम्बलीवर तोच करंडक त्यांनी जिंकून दिला. पुढे स्कॉटलंड, नायजेरिया, अझरबैजान या संघांचं प्रशिक्षकपद. जर्मनीच्या पुरुष संघाला मात्र त्यानंतर युरो जिंकता आलेला नाही.