तोलाई दोनदा कापली होती

"मॅडम, पास होऊन चौदा महिने झाले. गॅप पडलाय. एक एजंट ऐंशी हजारांत दोन वर्षांचा खोटा अनुभव कागदोपत्री दाखवून देतो म्हणतोय. घेऊ का?"

नोकरी शोधणाऱ्या मुलांना मी मार्गदर्शन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतो. आकडा कमी-जास्त होतो, विचारणाऱ्याची मान मात्र तशीच खाली असते. या मुलाचं नाव लिहीत नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, २०२४ची बॅच, सांगोला तालुका, घरी तीन एकर डाळिंब. कात्रजला कॉट बेसिसवर राहायचा, एका खोलीत चौघं. बसल्या बसल्या त्यानं मोबाइलवर एक्सेल शीट उघडून माझ्यापुढे सरकवली. ४१२ अर्ज. तारीख, कंपनी, पोर्टल आणि शेवटचा रकाना 'रिप्लाय'. त्यात नऊ ठिकाणी काहीतरी लिहिलेलं, बाकी रकाना कोरा.

त्याचे सीनियर २०२२ला हातात दोन-दोन ऑफर घेऊन फिरत होते, म्हणून खोट आपल्यातच आहे अशी त्याची खात्री झालेली. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून माणसं सुमारे ६४ हजारांनी कमी झाली, हे मी त्याला कागदावर लिहून दाखवलं. बरं वाटलं त्याला, पण दहाच मिनिटं. बाजार पडतो म्हणजे काय, हे डाळिंबवाल्याच्या पोराला मी काय सांगणार!

मग ऐंशी हजारांकडे वळलो. नैतिकतेचं व्याख्यान मी देत नाही, त्या वयात ते कानाच्या बाहेरूनच जातं. मी फक्त पुढे काय होतं ते सांगते. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू असतो. पीएफ सुरू झाला की यूएएन नंबर येतो आणि त्या नंबराखाली तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत होता याची नोंद राहते. मोठ्या कंपन्या तपासणी बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतात. दोन वर्षं नोकरी केली म्हणता आणि यूएएन नाही, तर पहिली पाल तिथंच चुकचुकते. शिवाय मुलाखतीत प्रश्न दोन वर्षं काम केलेल्या माणसाला विचारतात तसे येतात, ते वेगळंच. माझ्याकडे आलेली एक मुलगी अशा कागदावर लागली आणि चौथ्या महिन्यात निघाली. घरी तिनं कंपनी बंद पडली असं सांगितलं होतं. पैसे घालायचेच असतील तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे, पण त्याला सी-कॅट द्यावी लागते, आणि पुन्हा परीक्षा म्हटल्यावर याचा चेहरा पडला.

गॅपची भीती मात्र खोटी नव्हती, आणि मी तसं सांगितलंही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या ऑफ-कॅम्पस ड्राइव्हला, म्हणजे कॉलेजबाहेरच्या भरतीला, पासिंगचं वर्ष ठरलेलं असतं. ते निघून गेलं की ते दार बंद. लहान कंपन्या वर्षावर फारशा अडत नाहीत, त्या "काय येतं?" असं विचारतात. आणि इथंच तो अडकत होता.

बायोडेटा दोन पानी. हार्डवर्किंग, क्विक लर्नर, चौदा तंत्रज्ञानांची नावं, प्रत्येकासमोर चांदण्या. प्रोजेक्ट: चेहरा ओळखून हजेरी घेणारी प्रणाली. मी विचारलं, "यात तुझा भाग कोणता?" बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. चौघांनी मिळून सहा हजारांत तयार प्रोजेक्ट घेतला होता. (याचं मला आता नवल वाटत नाही. शहाण्या घरची पोरंही घेतात.) पहिल्या भेटीत मी त्याला दिनक्रम आखून दिला. सकाळी डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, मुलाखतीत विचारतात तो कोडिंगचा अभ्यास), दुपारी अर्ज, संध्याकाळी फिरणं. त्यानं तो एक दिवसही पाळला नाही, आणि बरंच झालं.

दुसऱ्या भेटीआधी वडिलांचा फोन आला. "मॅडम, बागंवर तेल्या रोग पडला तवाबी येवढी झोप उडाली न्हवती. ऐंशी हजार मी उभं करतो, पर पोरगं लागंल का?" मी त्यांना पैसे उभे करू नका म्हटलं. ते गप्प झाले, आणि मग सहज बोलून गेले, "तसं डोकं हाय त्याला. पट्टीचा हिशोब मोबाइलवर तोच घालतो."

पट्टी म्हणजे माल विकल्यावर व्यापाऱ्याकडून मिळणारा हिशोबाचा कागद. किती क्रेट, काय वजन, काय भाव, मग हमाली, तोलाई (माल तोलण्याचे पैसे), मोटारभाडं वजा जाता हातात किती. मुलगा आला तेव्हा मी तेच दाखवायला सांगितलं. "ते काही नाही मॅडम, घरचं आहे," म्हणत त्यानं जावामध्ये लिहिलेलं छोटं अ‍ॅप उघडलं. तीन हंगामांच्या पट्ट्या त्यात होत्या. एका पट्टीत तोलाई दोनदा कापलेली त्यानंच पकडली होती, ३४० रुपये. वडिलांनी तो मोबाइल पुढे धरला तेव्हा ते मुकाट परत मिळाले.

मी विचारलं, अडचण काय आली होती? तोवर खाली बघून बोलणारा पोरगा खुर्चीत पुढे सरकला. बेरीज काही पैशांनी चुकायची. ०.१ आणि ०.२ मिळवले की संगणक नेमके ०.३ देत नाही, कुठंतरी लांब शेपटाला एक ४ उगवतो, कारण हे अपूर्णांक त्याला बायनरीत नेमके मांडताच येत नाहीत. त्यानं आठवडाभर डोकं खाजवलं आणि शेवटी सगळ्या रकमा रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात साठवल्या. हे सांगताना त्यानं माझ्या टेबलावरच्या पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. मला कोडिंग येत नाही, तरी मला कळलं.

हे बायोडेटात का नाही, तर "शेतीचं आहे, आयटीवाले हसतील."

बायोडेटा एका पानावर आला. हजेरीचा प्रोजेक्ट खाली एका ओळीत, त्यात 'गटाचा' हा शब्द आवर्जून. चौदाची चार तंत्रज्ञानं राहिली, चांदण्या गेल्या. पट्टीचं अ‍ॅप सगळ्यात वर, कोड गिटहबवर, म्हणजे कुणालाही उघडून बघता येईल अशा साइटवर. दिसेल तिथं अर्ज टाकण्याऐवजी आठवड्याला पाच, तेही वाहतूक, गोदाम, बिलिंग असली कामं करणाऱ्या लहान कंपन्यांना. पाहुण्यांना काय सांगायचं यावर मात्र आम्ही एक अख्खी भेट घालवली. घरच्यांसाठी तोच मोठा विषय होता.

सगळं लगेच जमलं नाही. दोन ठिकाणी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या जॉइनवर (दोन तक्ते जोडण्यावर) अडला. एकानं तीन फेऱ्या घेऊन कळवलंच नाही. अकराव्या आठवड्यात वाहतूकदारांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत सपोर्टचं काम मिळालं. मुलाखतीतला बराच वेळ त्या पैशांच्या बेरजेवरच गेला म्हणे. पगार २० हजार. सीनियरांच्या मानानं कमीच, आणि त्याला ते बोचत होतं. मीही त्याला भारी पगार आहे असं काही म्हटलं नाही.

पुढच्या महिन्यात पगारपत्रकाचा फोटो आला. पीएफ १८००, आरोग्य विम्याचा ईएसआय १५०, व्यवसाय कर २००, हातात १७,८५०. यूएएन नंबरावर त्यानं पिवळी रेघ ओढली होती. खाली एकच ओळ: "मॅडम, पट्टी तपासली. तोलाई एकदाच कापलीय."