गुप्तवार्ता प्रमुखपदाच्या वाटेविषयी

वानवडी, पुणे

चिरंजीव बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सैन्यात जाऊन गुप्तवार्तेचे प्रमुखपद मिळवायचे असेल तर आतापासून काय शिकावे, असे तू विचारतेस. त्या पदाकडे थेट जाणारी वाट नाही, हे आधीच सांगतो. कारगिल युद्धानंतरच्या फेररचनेत, मार्च २००२ मध्ये, तिन्ही सैन्यदलांच्या गुप्तवार्तेचा मेळ घालणारी डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी स्थापन झाली. तिचे पहिले महासंचालक लेफ्टनंट जनरल कमल डावर हे चिलखती दलाचे, म्हणजे रणगाड्यांच्या दलाचे, अधिकारी होते आणि त्यापूर्वी त्यांनी एका कोअरचे, म्हणजे अनेक डिव्हिजनच्या मोठ्या सैन्यगटाचे, नेतृत्व केले होते. तेव्हा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली तीन वर्षे (२०२२ पासून ते दार मुलींनाही उघडले, याचा मला फार आनंद आहे), डेहराडूनच्या लष्करी अकादमीतले एक वर्ष आणि त्यापुढे कित्येक वर्षे पलटणीतले जवान, गस्त आणि रेशनचे हिशेब, हेच तुझे खरे शिक्षण ठरेल. गुप्तवार्तेचे रीतसर प्रशिक्षण देणारी सैन्याची संस्था आपल्या पुण्यातच आहे, पण तिथे पोहोचेपर्यंत माणसे आणि जमीन वाचता यायला हवी.

या कामात एक जुनी पद्धत आहे. खबर देणारा किती भरवशाचा, हे ए ते एफ या अक्षरांनी नोंदवायचे आणि खबर स्वतः कितपत खरी वाटते, हे १ ते ६ या आकड्यांनी. दोन्ही निर्णय वेगवेगळे घ्यायचे, कारण भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो आणि लबाडाच्या तोंडूनही कधी खरे निघते. कॅप्टन असताना मी नेमकी इथेच चूक केली. नेहमी खरे बोलणाऱ्या एका गुराख्याने, नाल्यातून रात्री खेचरे गेल्याचे सांगितले. मी अहवालात ‘खेचरे गेली’ असे लिहून टाकले. त्या दोन शब्दांपायी एक प्लाटून दोन रात्री थंडीत दबा धरून बसली आणि हाती काहीच लागले नाही. कमांडरसाहेबांनी एवढेच विचारले, “त्याने स्वतः पाहिली होती का?” मी ते विचारलेच नव्हते. त्याच्या मेहुण्याने पाहिली होती, तीही आठवडाभरापूर्वी.

कारगिलमध्येही मे १९९९ च्या सुरुवातीला घुसखोरीची पहिली खबर मेंढपाळांनीच आणली. त्याआधी सुटे धागेदोरे निरनिराळ्या यंत्रणांच्या हाती होते, मात्र ते एकत्र आणून तपासण्याची पक्की व्यवस्था नव्हती, हे त्या युद्धाचा आढावा घेणाऱ्या सुब्रह्मण्यम समितीच्या अहवालातून पुढे आले. गुप्तवार्ता प्रमुखाचे बरेचसे काम हेच असते. वेशांतराच्या गोष्टी बहिर्जी नाईकांच्या नावाने लहानपणी ऐकाव्यात, नोकरीत मात्र टेबलावरच्या कागदांशी झुंजावे लागते. त्यातून जे निघेल ते वरिष्ठांना आवडणारे नसले तरी तसेच सांगावे लागते, आणि बढतीच्या वर्षात ते किती जड जाते, हे मी जवळून पाहिले आहे.

आता एक काम कर. येत्या शनिवारी सकाळी मंडईत तासभर थांब आणि घरी येऊन एक पान लिही. पाहिलेले एका बाजूला, ऐकलेले दुसऱ्या बाजूला आणि तुझा अंदाज सर्वांत खाली. रविवारी ते पान घेऊन ये. लाल पेन्सिल मी काढून ठेवतो.

तुझा,
काका