अँड्र्यू निकॉल: रानफुलांआडचा अँट्रिमचा किनारा

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न अँड्र्यू निकॉल (१८०४–१८८६) या बेलफास्टच्या निसर्गचित्रकाराबद्दल आणि त्याच्या जलरंगातल्या कौशल्याबद्दल आहेत. सुकलेला रंग खरवडून खालच्या कागदाचं पांढरं काढण्याबद्दल सर्वांत जास्त विचारणा झाली, म्हणून त्या उत्तराला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न: निकॉल शिकला कुठे? एवढा चांगला होता तर त्याचं नाव फारसं ऐकू का येत नाही?

तो कुठल्याही कलाशाळेत शिकला नाही. वडील बेलफास्टमध्ये बूट बनवायचे. अँड्र्यू उमेदवारीला लागला तो एफ. डी. फिनले यांच्या छापखान्यात. याच फिनलेंनी पुढे 'नॉर्दर्न व्हिग' हे वर्तमानपत्र काढलं. थोरला भाऊ विल्यम हौसेने चित्रं काढायचा, तेव्हा घरात रंगांची ओळख होती. १८२८ मध्ये, म्हणजे चोविसाव्या वर्षी, निकॉलने आयर्लंडच्या उत्तरेकडल्या अँट्रिमच्या किनाऱ्याची १०१ जलरंगचित्रं पुरी केली. काळा बेसॉल्ट, त्याखालचा पांढरा चुनखडक, डनलूसचा कड्यावरचा पडका किल्ला हे सगळं त्यात आहे. नंतर लंडनला जाऊन त्याने डलिचच्या चित्रसंग्रहात जुन्या चित्रांच्या नकला करून हात तयार केला. रॉयल हायबर्नियन अकादमी या डब्लिनच्या कलासंस्थेने त्याला १८३७ मध्ये सहयोगी आणि १८६० मध्ये पूर्ण सदस्य केलं.

नाव मागे पडण्याची कारणं साधी आहेत. जलरंग प्रकाशाने उडतो, त्यामुळे त्याची चित्रं बहुतेक काळ संग्रहालयांच्या पेट्यांत असतात. शिवाय पोटासाठी त्याने मासिकांना आणि सचित्र पुस्तकांना असंख्य रेखाटनं पुरवली. 'डब्लिन पेनी जर्नल'मधली कामं कोरीव ठशांवरून छापलेली आहेत, ती पाहून त्याच्या रंगाचा अंदाज येत नाही. सगळी चित्रं एका तोडीची नाहीत, हेही खरं. पण फुलांच्या बांधाआडून दिसणारी दृश्यं अव्वल आहेत. अल्स्टर म्युझियममधलं डेरीचं आणि डब्लिनच्या नॅशनल गॅलरीतलं ब्रे व डार्गलच्या खोऱ्याचं, ही दोन आधी पाहावीत.

प्रश्न: त्याच्या फुलांच्या चित्रांत गवताची पाती आणि पाकळ्या इतक्या स्वच्छ कशा? पांढरा रंग वापरला आहे का?

मुख्य काम खरवडण्याचं आहे. गडद रंग आधी लावायचा आणि तो सुकल्यावर चाकूच्या पात्याने काढून खालचा कागद उघडा करायचा. छापखान्यात वाढलेल्या माणसाला कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश वाटत असणार, असं माझं मत आहे. पांढरा पोस्टर कलर वरून लावला तर तो खडूसारखा मंद दिसतो. खरवडलेला कागद मात्र उजेड परत फेकतो.

करून पाहायचं असेल तर ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), शक्य असल्यास ६४०चा, शंभर टक्के कापसाचा आणि पृष्ठभागावर जिलेटिनचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारी खळ, असलेला कागद घ्या. दाणा बारीक असावा. तो भिजवून बोर्डावर ताणून घ्या. आकाश, समुद्र, दूरचे डोंगर पातळ वॉशने, म्हणजे पाणीदार रंगाच्या सपाट थराने, संपवा. मग पुढचा बांध दोन-तीन थरांत गडद हिरवा-तपकिरी करा. इथे रंगांची निवड महत्त्वाची आहे. थॅलो ग्रीन, थॅलो ब्लू कागदाच्या तंतूंत मुरतात, खोल खरवडल्याशिवाय निघत नाहीत. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर वरवर बसतात आणि सहज सुटतात. शेवटच्या थरात बाभळीच्या डिंकाचं पाणी थोडं घातलं की रंग आणखी वर राहतो आणि गडद भागाला तजेला येतो. एकोणिसाव्या शतकातले जलरंगकार असं करायचे.

आता थांबा. कागद हाताच्या पाठीला गार लागत असेल तर तो आतून ओला आहे. पूर्ण सुकल्यावरच सर्जिकल हँडलला ११ नंबरचं टोकदार ब्लेड लावा आणि देठ एका झटक्यात, मुळाकडून शेंड्याकडे, दाब कमी करत ओढा. पाकळ्यांसाठी १५ नंबरचं गोलाकार ब्लेड आडवं धरा आणि मधून बाहेर हलकेच खरवडा. एका जागी दोन-तीन फेऱ्या पुरतात.

नंतरची पायरी लोक विसरतात. खरवडलेल्या जागेवर ट्रेसिंग पेपर ठेवून चमच्याच्या पाठीने घासा, म्हणजे उठलेले तंतू बसतात. पॉपीचा लाल किंवा इतर फुलांचा पिवळा त्यावर लावायचा असेल तर ब्रश जवळजवळ कोरडा आणि रंग दाट ठेवा. तिथलं साइझिंग निघून गेलेलं असतं, म्हणून पातळ रंग टिपकागदावर पडल्यासारखा पसरतो.

रचनाही पाहा. नजर गवताच्या उंचीवर आहे. फुलं चौकटीत उभी उंच, गाव मात्र त्यांच्या फटींतून फिकट, बोटभर. दूरचं दृश्य थोडं जरी ठळक झालं तरी फुलं मागे पडतात. त्यामुळे मागचे रंग तुम्हाला वाटतात त्यापेक्षा एक छटा फिके ठेवा.

प्रश्न: रत्नागिरीत पावसाळ्यात खरवडलं की कागदाला लव सुटते आणि भोक पडतं. ब्लेड नवंच आहे.

दोष कागदाचा. दमट हवेत पडून राहिलेल्या कागदाचं साइझिंग मरतं. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर त्या कागदावर खरवडू नका, रेखाटनाला वापरा. थेंब मिनिटभर फुगून उभा राहिला तर कागद चांगला. विद्यार्थी-दर्जाच्या बऱ्याच कागदांत साइझिंग फक्त लगद्यात असतं, वरचा थर मऊ राहतो, तिथेही लव येते. नवा कागद प्लॅस्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा.

प्रश्न: निकॉल श्रीलंकेत काय करत होता?

शिकवत होता. त्याचा बेलफास्टचा आश्रयदाता जेम्स एमर्सन टेनंट १८४५ मध्ये सिलोनचा वसाहत-सचिव झाला. पुढच्या वर्षी निकॉल कोलंबो अकादमीत निसर्गचित्रण आणि रेखाटनाचा शिक्षक म्हणून गेला. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७चं, त्याच्या अकरा वर्षं आधीची ही गोष्ट. १८४८ मध्ये जुन्या राजधान्यांचे अवशेष रेखाटत तो जंगलात फिरला आणि त्याच सुमारास नव्या करांविरुद्ध कँडी-मातले भागात उठाव झाला. पाच आठवड्यांच्या या भटकंतीचा वृत्तांत त्याने १८५२ मध्ये 'डब्लिन युनिव्हर्सिटी मॅगझिन'मध्ये लिहिला. टेनंटच्या १८५९च्या सिलोनवरील ग्रंथातही त्याची चित्रं आहेत. तो वृत्तांत वाचताना हा माणूस सत्ताधाऱ्यांच्या गोटातून पाहतो आहे, हे लक्षात ठेवावं लागतं. अवशेषांच्या नोंदी म्हणून मात्र त्या रेखाटनांचं मोल मोठं आहे.

प्रश्न: आयर्लंडला जाणार आहोत. चित्रं हमखास दिसतील का?

भिंतीवर दिसतीलच असं नाही. कागदावरच्या कामांसाठी उजेड साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचं माप), म्हणजे मंदच, ठेवतात आणि चित्रं आलटून पालटून मांडतात. डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत इंग्लिश चित्रकार टर्नरचे, हेन्री व्हॉन या संग्राहकाकडून आलेले जलरंग दरवर्षी फक्त जानेवारीत बाहेर काढतात, तेही हिवाळ्यातला उजेड मंद असतो म्हणून. निकॉलसाठी बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियमला काही आठवडे आधी लिहा. हवी असलेली चित्रं नावानिशी कळवा आणि पेटीतली पाहायला मिळतील का ते विचारून घ्या. जवळून पाहायला मिळालीच तर नुसतं समोरून पाहू नका. उजेड बाजूने येईल असे उभे राहा, म्हणजे पात्याचे ओरखडे उठून दिसतील.