कमिट मेसेजमध्ये जिराचा तिकीट नंबर सक्तीचा करावा का?

तुम्ही विचारलंय की कोड गिटहबवर (गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने कोड ठेवायची साइट) आणि तिकिटं, म्हणजे कामांच्या नोंदी, जिरा या ट्रॅकरमध्ये असताना प्रत्येक कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) तिकीट नंबर सक्तीचा करावा का, आणि लिंक आपोआप कशी लागेल.

सक्ती जरूर करा. लिंकचं काम सोपं आहे. जिरा आणि गिटहब एकदा जोडले की मेसेजमधला 'पे-४१२' असा नंबर (प्रकल्पाचं छोटं नाव आणि क्रमांक) ओळखून जिरा तो कमिट त्या तिकिटात दाखवतं. गिटहबवर तोच नंबर क्लिक करता यावा म्हणून रेपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या कोडसाठ्याच्या) सेटिंग्जमध्ये ऑटोलिंकची सोय आहे. तिथे 'पे-' आणि जिराचा पत्ता भरायचा.

नंबर मी मेसेजच्या शेवटी, एक ओळ मोकळी सोडून लिहितो: 'रेफ्स: पे-४१२'. शेवटी जोडलेल्या अशा 'नाव: माहिती' ओळीला गिट ट्रेलर म्हणतं. पहिली ओळ आधीच तोकडी असते, ती बदल सांगायला ठेवावी. एक काळजी मात्र घ्या. एडिटर उघडून मेसेज लिहिताना ओळीची सुरुवात हॅश चिन्हाने केलीत, तर गिट ती ओळ टिप्पणी समजून काहीही न सांगता काढून टाकतं.

माझा खरा आग्रह वेगळाच आहे: नंबर टाकला म्हणून कारण लिहायचं टाळू नका. 'पे-४१२ फिक्स' एवढ्याने पुढच्या माणसाला काय कळणार? त्याऐवजी असं लिहा: 'टाइमआउटनंतर पुन्हा विनंती पाठवताना जुनाच व्यवहार क्रमांक वापरला. नवीन क्रमांक गेला की पेमेंट गेटवे तो वेगळा व्यवहार धरतं आणि पैसे दोनदा कापले जातात.' पुढे कोणी गिट ब्लेम (कोडची कोणती ओळ कोणत्या कमिटने बदलली ते दाखवणारी आज्ञा) करत या ओळीपर्यंत आलं, तर जिरा न उघडताही त्याचं काम भागेल. ट्रॅकर बदलतात हो! पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची तिकिटं २०२२ मध्ये गिटहबवर गेली, तेव्हा जुन्या तिकिटांना नवे नंबर मिळाले. जुन्या कमिटमध्ये मात्र 'बीपीओ-'वाले (जुन्या साइटच्या नावाचं लघुरूप) नंबरच आहेत. त्यांनी जुनी साइट वाचण्यापुरती चालू ठेवली. तुमच्या ऑफिसात जुन्या ट्रॅकरचं लायसन्स संपल्यावर तेवढं कोण करेल?

सक्तीसाठी कमिट-मेसेज हुक लावा, म्हणजे कमिट करताना गिट आपोआप चालवतं ती मेसेज तपासणारी छोटी स्क्रिप्ट. ब्रँचच्या (कामासाठी काढलेल्या कोडच्या शाखेच्या) नावात नंबर असेल तर हुक तो स्वतःच भरू शकतो. पण कोडची प्रत घेतली (क्लोन केलं) की हुक तिच्याबरोबर येत नाहीत, तेव्हा हीच तपासणी सीआयमध्येही (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये) हवी. स्क्वॉश करून, म्हणजे अनेक कमिटचा एकच करून, मुख्य कोडात मर्ज करत असाल तर शेवटच्या एकत्र मेसेजमध्ये नंबर उरलाय का, तेही तिथेच बघा.

स्पेलिंगच्या दुरुस्तीसाठी खोटी तिकिटं काढायला लावू नका. 'रेफ्स: नाही' असं लिहिलेलं हुकला चालू द्या.